फळीवरचे दोन कप

रेवा आणि तन्मय,

मागच्या रविवारी फोनवर रेवा मला तिच्या खोलीतला फ्रिज दाखवत होती. आत सॉसची बाटली, अर्धा पाव आणि कसलंसं डब्यातलं सूप. शेजारी टेबलावर रक्त वाढायच्या गोळ्या. मी विचारलं, "बाळा, तू जेवतेस काय?" ती हसून म्हणाली, "आजी, नीट खायला पैसे लागतात." तन्मय त्याच्या देशातून, दुसऱ्या चौकटीत बसून, नुसती मान हलवत होता.

फोन बंद झाल्यावर मी ताट वाढून घेतलं आणि रोजच्यासारखी एकटी जेवायला बसले. पण घास तोंडात फिरत राहिला. रेवा जे म्हणाली ते मीही एके काळी अगदी खरं मानलं होतं, आणि त्यापायी भरल्या घरात उपाशी राहिले होते.

तुमच्या बाबाला यातलं फारसं आठवत नाही. तो तेव्हा तीन वर्षांचा होता. आजोबांना ते दिवस आठवलेले आवडत नसत. सांगणारी आता मीच उरले आहे, म्हणून क्रमाने लिहिते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मला बरं केलं ते औषधांनी. एकही इंजेक्शन मी चुकवलं नाही, तुम्हीही रक्ताची गोळी चुकवू नका. पण औषध पोटात गेल्यावर उभं राहायचं बळ दुसरीकडून यावं लागतं. ते कुठून आलं, एवढंच हे लिखाण आहे.

रुमाल

देश स्वतंत्र होऊन तीसेक वर्षं झाली होती. मी पेणच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. गणपती जवळ आले होते, त्यामुळे घरी मूर्ती रंगवून हमरापूरहून येणाऱ्या मुलींच्या नखांत रंग असायचा आणि वह्यांच्या कडांना गुलाबी बोटं उमटायची. मी रागावत असे. मला स्वच्छ वह्या आवडत.

दोन महिने खोकला होता. खडूची धूळ म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. एक दिवस फळ्यावर लिहिताना जोराची उबळ आली, रुमाल तोंडाला लावला, आणि त्यावर लाल ठिपका दिसला. मला क्षणभर खरंच वाटलं, कुठल्या तरी मुलीचा रंग लागला असेल.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "क्षय आहे. बरा होतो. पण दीड वर्ष औषध घ्यावं लागेल." आजोबांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. नेहमी माझ्या शेजारून चालणारा माणूस त्या दिवशी घरापर्यंत दोन पावलं पुढे चालत होता.

घरी तुमच्या पणजी, माझ्या सासूबाई होत्या. त्यांना आम्ही माई म्हणायचो. माईंच्या धाकट्या जावेला याच घरात, याच रोगाने मरताना त्यांनी पाहिलं होतं. त्या उठून नंदूचे, म्हणजे तुमच्या बाबाचे, कपडे पिशवीत भरू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आजोबा नंदूला रोह्याला घेऊन गेले. तिथे पुलापलीकडच्या अष्टमी गावात माझी आई राहायची. मला त्याला उचलून घेऊ दिलं नाही. मी स्टँडवर लांब उभी राहून हात केला. नंदूला खिडकीची जागा मिळाली होती, पण तो ड्रायव्हरकडेच बघत होता.

पंधरा दिवस

सुरुवातीचे पंधरा दिवस इस्पितळात काढले. पहाटे थर्मामीटर, मग इंजेक्शन, मग चहा. सोमवारी वजन. माझं चौतीस किलो भरलं. पलीकडच्या खाटेवरच्या बाईला भेटायला रोज पाच-सात माणसं यायची आणि नर्सची बोलणी खायची. मला भेटायला आजोबा यायचे, खाटेपासून हातभर लांब स्टूल ठेवायचे आणि पंख्याकडे बघत दिवसभरातल्या बातम्या सांगायचे. त्यांना भीती वाटत होती. मी त्यांना दोष दिला नाही, पण पंख्याचा हेवा केला.

घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं, "औषध नीट चालू राहिलं तर काही आठवड्यांत संसर्गाची भीती खूप कमी होते. ताटवाट्या वेगळ्या करायची गरज नाही. थुंकीची तपासणी दोनदा स्वच्छ आली की मुलाला घरी आणा. शाळेत मात्र चाळीस किलो भरल्याशिवाय जायचं नाही."

माईंनी त्यातलं चाळीस तेवढं उचललं. "चाळीस भरू दे, मग नंदूला आणू. अशी काडी झालेली बाई पोर कशी सांभाळणार?" त्यांच्यापुढे आजोबांचं कधी चाललं नाही. तेव्हापासून नंदू आणि मी यांच्यामध्ये सहा किलो उभे राहिले.

फळी

आपल्या घराच्या मागे पडवी होती. माझी खाट तिथे टाकली. उजेड होता, वारा होता, तक्रारीला जागा नव्हती. पडवीच्या भिंतीला एक लाकडी फळी होती. माईंनी त्यावर माझी ताटली, पेला आणि कप मांडून ठेवले. ते घरात न्यायचे नाहीत, मीच धुऊन तिथे उपडे घालायचे.

फळीवर आधीपासून एक कप होता, कान तुटलेला, निळ्या काठाचा. तो सोमीचा. सोमी ही डोंगराकडच्या कातकरी वाडीतली बाई, आठवड्यातून दोनदा लाकडाची मोळी घेऊन यायची. मोळी उतरली की माई तिच्या कपात वरून चहा ओतायच्या. लग्न होऊन आल्यापासून पाच वर्षं मी तो कप तिथे बघत होते. म्हणजे बघत नव्हते.

पहिल्याच फेरीला सोमीने फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय गो मास्तरीणबाय, तुजा पन कप भायर आला?"

मी मान फिरवली. ती खो-खो हसली. "बरा झाला. माज्या कपाला सोबत नव्हती."

यादी

मी शिकलेली बाई होते. शाळेच्या वाचनालयातून आरोग्यावरचं एक इंग्रजी पुस्तक मागवून घेतलं आणि त्यातली क्षयरोग्याच्या आहाराची यादी सुवाच्य अक्षरात उतरवून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवायला दिली. संत्र्याचा रस, लोणी, कलेजीचं सूप, रोज दोन अंडी, शेरभर दूध आणि प्रथिनांची पावडर. माझा पगार बंद होता. आजोबांनी पावडरीचा एक डबा आणला, त्यासाठी त्यांनी स्वतःच्या चपलांना तिसऱ्यांदा तळ लावून घेतला. संत्री आली तीन. अंडं एक दिवसाआड.

डबा पुरवायचा म्हणून मी चमचा सुरीने सपाट करून घेई. सकाळी एक, संध्याकाळी एक, कोमट पाण्यातून. ते प्यायलं की यादीतल्या एका ओळीपुढे खूण करायची. मला वाटे, मी योग्य खाते आहे, फक्त थोडं.

आणि जेवण? जेवण म्हणजे पथ्य. माई दोन्ही वेळा पेज आणि मऊ भात-मेतकूट द्यायच्या, मायेनेच द्यायच्या. आजाऱ्याला वाल चालत नाहीत, ते वातूळ. सुकट उष्ण. नाचणीची भाकरी जड. आत घरात बिरड्याला फोडणी बसली की वास पडवीत यायचा. मी पेजेचा वाडगा तोंडाला लावायची.

बिरडं तुम्हाला माहीत आहे, पण त्याची तयारी तुम्ही पाहिलेली नाही. कडवे वाल रात्री भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत दाबून साल काढायची. सोललेल्या दाण्यांना डाळिंब्या म्हणतात. हे काम एकटीने कोणी करत नाही. शेजारपाजारच्या बायका परातीभोवती बसतात आणि साऱ्या आळीच्या गोष्टी त्या परातीत सोलल्या जातात. दारातून मला त्यांच्या पाठी दिसायच्या. एकदा मी उंबऱ्यापाशी जाऊन बसले. बोलणं थांबलं. कोणी तरी म्हणालं, "पड जा हो शालिनीताई, दमाल." मी परत खाटेवर आले.

दिवाळी गेली. वजन चौतीस. पुढच्या महिन्यात साडेतेहेतीस.

चिमणीचा चमचा

एक दिवस मी चमचा सपाट करत होते तेव्हा सोमी मोळी टेकवून बघत उभी राहिली.

"ह्ये काय औषद?"

"नाही. ताकदीची पावडर आहे."

"येवडा मोटा डबा आनि चमचा चिमनीचा? बगू." तिने तळवा पुढे केला. मी चिमूटभर घातली. तिने चाटली आणि तोंड वेडंवाकडं केलं. "माती हाय गो. जेवतेस काय?"

"पेज. मऊ भात."

"दात पडलं काय तुजं?"

मला राग आला. "मला काय झालंय तुला माहीत आहे ना? लांब बस."

"मला काय सांगतेस? मला व्हऊन गेला ना." ती जमिनीवर फतकल मारून बसली, लांब नाहीच. "दोन सालं झाली. सुया टोचून कुल्ले चालनी केलंन तुज्या डाक्टरान. रोज चालत जायची दवाखान्यात. तवा काय खाल्लं असंल मी? संत्री? वाल खाल्लं, नाचनी खाल्ली, व्हाळातल्या चिंबोऱ्या खाल्ल्या. पोरांनी सुकट आनली ती खाल्ली. ही बग." तिने दंड पुढे केला. मोळी वाहणारा दंड होता तो.

"वाल वातूळ असतात. आजारपणात चालत नाहीत."

"व्हय? मंग मी मेलेली हाय."

तिने कपातला चहा संपवला, कप धुऊन माझ्या कपाशेजारी उपडा घातला आणि गेली.

चिठ्ठी

मी एका मोळीवालीचं ऐकणारी नव्हते. पण वजनाच्या दिवशी मी यादी बरोबर नेली आणि डॉक्टरांना वाचून दाखवली, खुणांसकट. माई शेजारी उभ्या होत्या. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तुम्ही शिकवता ना? मग मला सांगा, यात जेवण कुठे आहे?"

मी यादी पुन्हा वरून खाली वाचू लागले.

"घरातली बाकीची माणसं काय जेवतात?"

"वाल. नाचणीची भाकरी. सुकट. पालेभाजी येते वाडीवरून."

"आणि तुम्ही?"

"पथ्याचं," माई म्हणाल्या.

"आजी, हिला पथ्य नाही. हिला भूक आहे. जे घरात शिजतं ते हिला पोटभर द्या. एवढं केलंत तर डब्याची गरज नाही." मग माईंचा चेहरा पाहून त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवर, इंजेक्शन आणि गोळ्यांच्या खाली, मराठीत लिहिलं: मोड आलेले वाल, रोज.

आजोबा संध्याकाळी ती चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराने चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाला, "पहिली दोन देतो. तिसरं आमच्याकडे येत नाही." बऱ्याच महिन्यांनी आजोबा मोठ्याने हसत घरी आले. उंबऱ्यातच मला सांगून मग आत गेले.

परात

माईंनी चिठ्ठी देवापाशी ठेवली आणि मला वेगळ्या वाडग्यात मूठभर भिजलेले वाल दिले. "तुझे तू सोल हो. आमच्यात हात नको." डॉक्टरांनी लिहून दिलं ते त्यांनी मान्य केलं, वेगळं ठेवायची गरज नाही हे तोंडी सांगितलेलं नाही.

मी पडवीत वाडगा घेऊन बसले. बोटांना ताकद नव्हती. दाणा निसटून उडायचा. वीस-पंचवीस डाळिंब्या झाल्या आणि मला रडू आलं. वालांसाठी नाही. इतक्या वर्षांत एकटीने कधी सोललेच नव्हते.

सोमी आली तेव्हा मी डोळे पुसले.

"असं कुटं सोलतात? दाबायचा, वडायचा नाय." ती समोर बसली आणि वाडगा मध्ये ओढला. मी "माझा हात लागलाय" म्हणाले. "लागूं दे. आर्दं मला पायजे पन." असा व्यवहार ठरला. ती यायची त्या दिवशी जास्त वाल भिजवायचे, दोघींनी सोलायचे, माईंनी आतून फोडणी देऊन आणायचं आणि अर्धं तिने घ्यायचं. कधी ती शेवग्याचा पाला नाही तर फुलं पदरातून आणायची, कधी पुडीभर जवळा. पळसाच्या पानावर वाढून घेऊन माझ्यासमोरच जेवायची. ती नसेल त्या दिवशी मी एकटीच सोलायची, चार दाणे कमी-जास्त.

पहिल्या दिवशी मी नुसती बघत राहिले.

"खा गो. माज्या तोंडाकडं बगून पोट भरनार हाय?"

चार महिन्यांत माझ्यासमोर बसून जेवलेलं ते पहिलं माणूस होतं. मी दोनदा भात मागून घेतला. माईंनी वरूनच वाढला, पण भरपूर वाढला.

रेवा, पैशांचं म्हणशील तर त्या दिवसांत घरात वेगळं काही विकत आणलं नाही. डबा बंद झाला, संत्री बंद झाली. अंडं चालू राहिलं. जे मडक्यात राख लावून भरलेलं होतं तेच खाल्लं. तुझ्या गावातही मसूर, चवळी, हरभरे मिळत असतील. ते भिजवून ठेवायला फक्त आदल्या रात्री आठवण लागते. सोबतीला कोणी मिळालं तर बघ. नाही मिळालं तरी भिजव.

चाळीस

पस्तीस. साडेछत्तीस. मग एक महिना काहीच नाही, आणि मी रात्ररात्र जागी. मग अडतीस. थुंकी एकदा स्वच्छ आली. अष्टमीहून आईचं पत्र यायचं, खाली नंदूने पेन्सिलीने मारलेल्या रेघा. एका पत्रात आईने लिहिलं, "तो हल्ली मलाच आई म्हणतो, वाईट वाटून घेऊ नकोस." मी ते पत्र घडी करून उशीखाली ठेवलं आणि त्या दिवशी जेवले नाही. सोमीने मला शिव्या घातल्या.

वैशाखात दुसरी तपासणी स्वच्छ आली. माई माझ्याबरोबर आल्या होत्या. मी चपला काढून काट्यावर उभी राहिले. काटा एकोणचाळीसच्या थोडा पुढे थांबला.

मी उतरणार तेवढ्यात माई म्हणाल्या, "चपला घालून उभी राहा."

"माई, असं नसतं करायचं."

"घाल म्हणते ना! रस्त्यावरून अनवाणी येतेस का तू? आणि हे धर." त्यांनी आपली छत्री आणि पिशवी माझ्या हातात कोंबली. काटा चाळीसच्या पुढे गेला. कंपाउंडर भिंतीकडे बघत राहिला. माई डोळे बारीक करून काट्यावर वाकल्या आणि म्हणाल्या, "चाळीस. झाले." मग पदराने नाक पुसलं. नातवाशिवाय त्यांनीही नऊ महिने काढले होते, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

अष्टमी

दुसऱ्याच दिवशी माईंनी आणि मी रोह्याची गाडी धरली. कुंडलिका नदीवरचा पूल आम्ही दोघी चालत ओलांडला, मी मध्येच एकदा कठड्याला धरून थांबले.

नंदू माझ्या आईच्या मागे लपला. उंच झाला होता. मी हाक मारली तर त्याने तिचं लुगडं तोंडावर ओढून घेतलं. मी पुन्हा हाक मारली नाही.

जेवायला बसलो. आईने सगळ्यांची ताटं ओळीने मांडली आणि माझं दाराशी, वेगळं. तिला पत्राने सगळं कळवलं होतं. तरी हात गेला तसा गेला. मी दाराशी बसले. बिरडं-भात होता.

नंदू आपल्या ताटावरून उठला. मधल्या मोकळ्या जागेतून चालत आला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि माझ्या ताटातली एक डाळिंबी उचलून तोंडात टाकली. मग दुसरी.

आणि मी ताट मागे ओढलं. नऊ महिन्यांची सवय. हाताला विचार करायला वेळच मिळाला नाही. नंदूचा ओठ थरथरला आणि त्याने भोकाड पसरलं.

मग पलीकडून माईंचा आवाज आला, जरा चिडका, नेहमीसारखा.

"दे गो त्याला. दे की. तुझ्याच ताटातलं हवंय त्याला."

मी ताट पुढे सरकवलं. त्याने रडत रडतच एकेक डाळिंबी वेचून खाल्ली, भात तसाच ठेवला. ते सगळं संपेपर्यंत मी हात मांडीवर ठेवून बसले होते.

काय उरलं

पेणला परतल्यावर माईंनी स्वतःच्या हाताने माझी ताटली, पेला आणि कप फळीवरून उचलून आत नेले. पुढच्या फेरीला सोमीने फळी पाहिली.

"गेला तुजा कप घरात," ती म्हणाली.

मी हसले. बरी झाल्याच्या आनंदात होते. तिच्या कपात चहा मात्र वरूनच ओतला, आणि पुढे कितीतरी वर्षं तसाच ओतत राहिले. फळीवर कप असणं म्हणजे काय ते मला नऊ महिन्यांत कळलं होतं. कळूनही मी काही केलं नाही. कोणी मला अडवलं नव्हतं. माई गेल्यावर तर अडवणारंही कोणी नव्हतं.

मग सोमी यायची थांबली. घरात गॅस आला होता, मोळी कोणाला नको होती. एक दिवस पडवी झाडताना मला तो कप दिसला, आणि मी तो घासूनपुसून आत आणला, माझ्या कपाशेजारी ठेवला. तिच्या वाडीवर जाऊन आले. ती मुलाकडे राहायला गेली होती, खांब गावाच्या पुढे कुठेतरी. नेमकं गाव कोणाला सांगता आलं नाही.

आता माई नाहीत, आजोबा नाहीत, पडवीचीही खोली झाली. पावडरीचा डबा आहे, त्यात यंदाचे वाल राख लावून भरलेले आहेत. सोमीचा कप स्वयंपाकघरातल्या कपाटात आहे. त्यातून या घरात बसून चहा अजून कोणी प्यायलेलं नाही.